देवाजी मिस्त्रीची संध्याकाळची पाळी

कॅनडातून चौदा माणसं स्वतःच्या हातांनी विटा रचायला नागपुरात आली आहेत, ही बातमी वस्तीत पोचली तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नागपुरात मिस्त्र्यांचा काय दुष्काळ पडला होता? पण त्यांच्या तिकडच्या चर्चमध्ये ठरलं होतं की सेवा करायची तर अंगमेहनतीनं करायची. आणि एकदा असं ठरलं की माणसाला साता समुद्रापार जावंच लागतं. शेजाऱ्याचं कुंपण बांधून दिलं तर ती सेवा कुणाच्या नजरेत भरत नाही.

सन अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी होता. नंदनवनच्या पलीकडे तेव्हा तुरीची शेतं होती आणि शेतांच्या कडेला एक नवी वस्ती. तिथे दोन खोल्यांची बालवाडी उभी करायची होती. इथल्या चर्चतर्फे सगळं पाहायच्या त्या प्रमोदिनीबाई. त्या शाळेत शिकवायच्या आणि पाहुण्यांची भाषा त्यांनाच येत होती. सामानसुमान पुरवायला चंपतराव ठेकेदार होता. आणि माल कालवायला, विटा वाहायला एक रेजा होती, तिचं नाव तुळसाबाई.

तुळसाबाई पस्तिशीची. सिमेंट-रेतीचा माल कालवण्यात अठरा वर्षं गेलेली, त्यामुळे फावड्याच्या आवाजावरून पाणी जास्त झालं की कमी हे तिला कळायचं. नवरा देवाजी मिस्त्री दिवाळीच्या आधी तापानं गेला होता. पोरबाळ नव्हतं. या बालवाडीचा पाया देवाजीनंच भरला होता, आणि जोत्यापर्यंत काम आणून तो आडवा झाला होता. आता त्याच जोत्यावर गोरे पाहुणे भिंती उचलणार होते.

पाहुणे मनानं फार चांगले. त्यांचा म्होरक्या हॅरल्डसाहेब साठीचा, तिकडे गव्हाची शेती करणारा, हात फावड्यासारखे रुंद. सकाळी सगळे गोल करून प्रार्थना करायचे, त्या गोलात तुळसाबाईचाही हात धरायचे, आणि मग गाणी म्हणत कामाला लागायचे. गाणी सुरात असायची. भिंत नसायची. वीट पाण्यात भिजवून घ्यावी लागते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि भिंत उभी सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा त्यांनी खेळण्यासारखा खिळ्याला टांगून ठेवला होता. पहिल्या दिवशी साडेपाचला जीप त्यांना घेऊन गेली, आणि चंपतरावानं डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं.

"बाई, हे भिंत होय का गाभण म्हैस? कसं पोट काढून राहिली पाहा."

"हळू बोला," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. जीप तर केव्हाच गेली होती. "पाहुणे आहेत हो. इतक्या लांबून आले. त्यांचं मन मोडायचं नाही. माल ओला आहे तोवर नीट करून घ्यायचं, म्हणजे सकाळी त्यांना काही कळणार नाही."

घोळ झाला तो इथेच. नीट कुणी करायचं, हे बाईंनी सांगितलं नाही. त्यांना वाटलं, चंपतराव आपला मिस्त्री लावेल. चंपतरावाला वाटलं, बाईंनी चर्चमधला कुणीतरी ठरवून ठेवलाय. आणि पाहुण्यांचं काम त्यांच्या माघारी पाडायचं ही गोष्टच अशी अवघड, की तिच्याबद्दल दुसऱ्यांदा बोलायला दोघांनाही लाज वाटली. आपल्याकडे भिडेपोटी किती कामं अशी कुणाच्याच नावावर न चढता राहतात, ते मोजायला बसलं तर जन्म पुरायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सातला तुळसाबाई सर्वांच्या आधी आली. भिंतीवर पाणी मारायचं काम तिचं. धुकं होतं, तुरीवर दव होतं. भिंत ओल्या गोणपाटाखाली झाकलेली होती. तिनं गोणपाट काढलं.

भिंत सरळ होती. नुसती सरळ नव्हे, सांधे एकसारखे, बोट फिरवावं तर कुठे अडकू नये असे. तुळसाबाई मनात म्हणाली, चंपतरावानं मोठा हुशार माणूस आणला बाप्पा. मग तिची नजर कोपऱ्यातल्या शेवटच्या विटेवर गेली आणि हातातली बादली तिनं खाली ठेवली.

विटेवर मूठभर माल दाबून ठेवलेला होता. सकाळी नख टोचून माल किती धरला ते पाहायचं, म्हणून काम थांबवताना देवाजी असा ठेवायचा. नागपुरात दुसरा कुणी मिस्त्री असं करताना तिनं पाहिला नव्हता. वर बोटांचे ठसे होते. तीन पुरे आणि करंगळीच्या शेजारच्या बोटाचा अर्धा. देवाजीचं ते बोट तरुणपणीच दगडाखाली गेलं होतं. गोणपाटाखाली सगळी भिंत ओली होती, त्या चार खाचा तेवढ्या कोरड्या होत्या.

 ती तिथेच विटांच्या ढिगावर बसली आणि चंपतरावाची सायकल वाजेपर्यंत उठली नाही. मग तिनं तो मुठीचा माल पटकन घमेल्यात टाकला आणि वरून रेती ओढली.

तुळसाबाई भुताखेतांना मानणाऱ्यांतली नव्हती. छप्पन साली आईबरोबर ती दीक्षाभूमीवर उभी होती, लाखो माणसांबरोबर तिनंही शपथा घेतल्या होत्या. श्राद्ध नाही, पिंड नाही. देवाजी गेला तेव्हा शेजारच्या एकीनं दहाव्याला कावळ्याचं काहीतरी सुचवलं, तर तुळसाबाईनं तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. मेलेला माणूस भातासाठी परत येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. अर्धवट राहिलेल्या कामासाठी येतो की नाही, याबद्दल मात्र तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी उसळून आलं. तिला त्याच्याशी बोलायचं होतं. एकच गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायची राहून गेली होती.

त्या सकाळी देवाजी उठलाच नव्हता. अंग मोडून आलंय म्हणाला. तुळसाबाईची आदल्या दिवसापासूनच कशावरून तरी धुसफूस चालली होती. ती चुलीपुढून म्हणाली, "तुमाले बरा कामाच्याच दिवशी ताप येते. उठा. चंपतराव वाट पाहून राहिला असन." तिनं कपाळाला हात लावून पाहिलं नाही. तो उठला, दिवसभर पाया भरला, आणि संध्याकाळी घरांच्या भिंती धरत धरत परतला. रात्री त्याची शुद्ध गेली. तीन रात्री तिनं त्याचा घरघरणारा श्वास ऐकला, कानात किती वेळा सांगितलं की मी चुकली, पण ऐकणारा तिथे नव्हता. चौथ्या सकाळी दवाखान्यात त्यानं प्राण सोडला.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे, तापच वाईट होता. ती मान हलवायची.

आता रोज सकाळी विटेवर मूठभर माल असायचा. तुळसाबाई सहालाच यायला लागली, साडेपाचला यायला लागली. पण कितीही लवकर आलं तरी काम होऊन गेलेलं असायचं. संध्याकाळी थांबावं, तर चंपतराव शेवटची वीट मोजून झाकल्याशिवाय हलायचा नाही आणि तिला सोबतच बाहेर काढायचा. बाईमाणसानं अंधार पडायच्या आत घरी जावं असं त्याचं मत होतं. जाताना तो रोज वाकड्या भिंतीकडे पाहायचा, रोज सकाळी सरळ भिंतीकडे पाहायचा, आणि प्रमोदिनीबाईंच्या माणसाला मनातल्या मनात शाबासकी द्यायचा. प्रमोदिनीबाई त्याच्या माणसाला द्यायच्या. पाहुण्यांना वाटायचं, आपला हात बसत चाललाय.

आणि पंधराएक दिवसांनी खरंच तसं झालं! हॅरल्डसाहेब काही मूर्ख नव्हता. त्यानं तुळसाबाईला विटा भिजवताना पाहिलं, तो भिजवायला लागला. ओळंबा हातात धरायला लागला. एका मंगळवारी संध्याकाळी चंपतराव भिंतीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "तुळसाबाई, मानलं बुढ्याले. दोरीत आहे भिंत."

बुधवारी सकाळी तिनं गोणपाट काढलं. विटेवर काही नव्हतं.

ती कोपरा न् कोपरा पाहून आली. खाली पडला असेल म्हणून जमिनीवर हात फिरवला. तिला रडूच फुटलं. लेकराच्या हातातलं काढून घ्यावं तसं तिला झालं, आणि त्या सरळ भिंतीचा, त्या भल्या म्हाताऱ्याचा तिला असा राग आला की प्रार्थनेच्या गोलात तिनं हात दिलाच नाही.

त्या दुपारी पाहुणे जेवायला बसले होते. भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणलेली असते, तिच्या अंगानं विटा रचत जायच्या. तुळसाबाईनं एका टोकाचा खिळा उपटला आणि बोटभर आतल्या अंगाला सरकवून ठोकला. बस्स, एवढंच. संध्याकाळपर्यंत भिंत तिरपी झाली. हॅरल्डसाहेब डोकं खाजवत राहिला. गुरुवारी सकाळी भिंत सरळ होती आणि विटेवर मूठभर माल होता.

चटक लागली म्हणा की. रोज ती काहीतरी करायची. कधी खिळा, कधी मालात रेती जास्त, कधी तळाच्या विटा कोरड्याच द्यायच्या. सकाळी सगळं ठाकठीक असायचं, कच्चा माल जाऊन पक्का आलेला असायचा. ती ठशांत आपली बोटं ठेवायची आणि हळू आवाजात म्हणायची, "मिस्त्री, एक डाव समोर या ना." ती त्याला मिस्त्रीच म्हणायची, लग्नापासून.

ठसे उथळ होत चाललेत हे तिला दिसत नव्हतं असं नाही. मूठ लहान होत चालली होती. एका सकाळी सांध्यातून थापी घसरल्याची रेघ होती. देवाजीच्या हातून असं कधी झालं नव्हतं. एका सकाळी गोणपाट अर्धंच ओढलेलं होतं. एकदा जोत्यावर, माणूस टेकून बसला तर पाठ जिथे येईल तिथे, भिंत दमट होती. तुळसाबाईनं ते सगळं पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. येतो आहे ना, मग झालं तर, असं तिचं चाललं होतं.

पाहुणे सोमवारी परत जाणार होते. शनिवारी पूर्वेची शेवटची भिंत उरली होती, तिचे वरचे सहा थर. तुळसाबाईनं हिशेब केला की ही भिंत झाली की संपलं. मग तिनं हात आखडता घेतला नाही. खिळा दोन बोटं सरकवला. सिमेंटच्या एका घमेल्याला सहा घमेली रेती टाकायची तिथे बारा टाकली. दुपारी चारपर्यंत भिंत अशी झाली की पाहुण्यांतली एक तरुण मुलगी ती बघून हसतच सुटली, आणि हॅरल्डसाहेब बाजूला बसून पाणी पीत राहिला. चंपतराव त्या दिवशी भाचीचं लग्न जमलं होतं म्हणून साक्षगंधाला धरमपेठेत गेला होता. तिला बाहेर काढायला कुणी नव्हतं.

जीप गेली. तुळसाबाई विटांच्या ढिगामागे जाऊन बसली.

सूर्य तुरीच्या शेतामागे गेला होता, पण उजेड होता. वस्तीतून चुलींचा धूर येत होता, कुणाचा तरी रेडिओ लागला होता. मग रेडिओ ऐकू येईनासा झाला. चालूच असेल, पण तिच्यापर्यंत पोचेना. आणि भिंतीजवळ थापीच्या दांड्याचा आवाज आला. टक, टक. विटेवर दोनदा ठोकून बसवायची त्याची सवय.

तिथे कुणी दिसत नव्हतं. भिंतीवरची एक वीट सुटली, थोडा वेळ तशीच राहिली आणि बसली. टक, टक. दुसरी. तिसरी. माल खरवडल्याचा आवाज. तुळसाबाई उठणारच होती. शब्द तोंडाशी आले होते.

मग तिला श्वास ऐकू आला.

आधी वाटलं आपलाच आहे. तो आपला नव्हता. छातीत काहीतरी अडकल्यासारखा, प्रत्येक वेळी वर चढताना घरघरणारा. तीन रात्री ऐकला होता, विसरणार कशी? एक वीट उचलायची, मग तो श्वास, सात-आठ वेळा, मग पुढची वीट. मग दहा वेळा. मग तुळसाबाईनं पंधरा मोजले तरी वीट हलेना. ती हलली, अर्धी वर आली आणि जमिनीवर पडून फुटली. खोकला आला. बराच वेळ येत राहिला.

माणूस मेला पण त्याचा ताप मेला नव्हता. तो तापातच उठून येत होता, रोज, महिनाभर. आणि उठवत कोण होतं? तेव्हा चुलीपुढून तोंडानं म्हणाली होती, आता खिळ्यानं आणि रेतीनं म्हणत होती. उठा, काम आहे.

तुळसाबाई ढिगामागून बाहेर आली. माफीबिफी काही तिला आठवली नाही.

"मिस्त्री," ती म्हणाली, "राहू द्या ते. ताप आहे तुमाले. घरी जा, पडा जराशे. हे मी करतो."

श्वास थांबला. भिंतीवर एक वीट अर्धी बसवलेली होती, ती तशीच राहिली.

"जा म्हनून राहिली ना मी! कोनी वाट पाहून नाई राहिलं तुमची इथं. कोनाचं काही अडून नाई राहिलं. जा."

थोड्या वेळानं तिच्या अगदी जवळून काहीतरी गेलं. झळ लागली, भट्टीजवळून जाताना लागते तशी, आणि सरकत सरकत वस्तीच्या वाटेनं गेली. रेडिओ पुन्हा ऐकू यायला लागला.

रेजा थापीला हात लावत नाही. तसा काही कायदा नाही, पण अठरा वर्षांत तुळसाबाईनं हजारो घमेली माल कालवून दिला होता आणि वीट एकही बसवली नव्हती. तिनं खिळा जागेवर ठोकला. दुपारचा कच्चा माल खरवडून टाकला, सहास एक असा नवा कालवला आणि उरलेले थर लावायला घेतले. तिच्या विटा पुढेमागे बसल्या. माल बाहेर ओघळला. अगदी दिसेनासं होईपर्यंत ती लावत राहिली.

ती भिंत पुढे तशीच राहिली, अर्धी सरळ, अर्धी हिंदकळलेली, पण पक्की. सोमवारी चंपतराव कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, तुमचा मिस्त्री दारू पिऊन आलता का?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "माझा? मला वाटलं तुमचा." पाहुण्यांना निरोप द्यायची घाई होती म्हणून ती गोष्ट पुन्हा भिडेखातर तिथेच राहिली. पण हे झालं सोमवारचं.

शनिवारी तुळसाबाई घरी पोचली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. दाराला सकाळची कडी तशीच होती. तिनं कंदील लावला. सकाळी घडी घालून ठेवलेली गोधडी खाटेवर पसरलेली होती.

तिनं हात लावला. गोधडी गरम होती, घामानं ओली होती.

तिनं आरडाओरडा केला नाही. हातपाय धुतले. ताटलीत गार पाणी घेतलं, जुन्या लुगड्याचं फडकं भिजवून पिळलं आणि उशीवर, कपाळ जिथे असेल तिथे ठेवलं. मग खाली बसून खाटेच्या काठाला डोकं टेकलं. जे बोलायचं होतं ते सगळं बोलली, अगदी सावकाश, मध्ये थांबत, पाणी पीत. शेवटी म्हणाली, "उद्या इतवार आहे. उठू नोका."

हळूहळू गोधडी निवत गेली. पार गार झाली, तेव्हा तिनं उशीवरचं फडकं उचललं. ते कढत होतं. ताप उतरला होता.